सतरावं पान

ग्रंथपाल: दार लोटून घ्या, मामा. बाहेर लहान गटाची गोष्ट चालू आहे, त्यांच्या कानावर हे जायला नको. आणि तुम्ही जाऊ नका. इथेच थांबा.

मामा: मी कशाला मॅडम? तिकडे पोरं टेबलावर चढतील. उन्हाळी शिबिरात शिपायाने दारात उभं राहायचं असतं, खोलीत नाही.

ग्रंथपाल: चढू देत. हं, तू बस. मी तुला एक सोपा प्रश्न तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा तू फरशीकडे बघितलंस. चौथ्यांदा विचारते. प्रत्येक पुस्तकाचं सतरावंच पान का उघडतेस?

मुलगी: असंच.

ग्रंथपाल: असंच कुणी चाळीस पुस्तकं उघडत नाही. मी काल काचेतून मोजली. मोठ्यांचं दालन, कादंबऱ्यांचं तिसरं कपाट. पुस्तक काढायचं, सतरावं पान बघायचं, परत ठेवायचं. एकाचंही नाव वाचलं नाहीस.

मुलगी: शिबिराच्या कार्डावर लिहिलंय, दहा शिक्के झाले की मोठ्यांच्या दालनात जाता येतं. माझे झालेत.

ग्रंथपाल: पहिल्या सहाच दिवसांत. किशोर गटातल्या बाकीच्यांची गाडी अजून तिसऱ्या पुस्तकात रुतली आहे.

मुलगी: मी भराभर वाचते.

मामा: वाचते, मॅडम. दहाही पुस्तकांच्या गोष्टी तिने मला सांगितल्यात. गोष्ट सांगितल्याशिवाय मी शिक्का मारत नाही, नियमच आहे तो. एक तर इतकी रंगवून सांगितली की माझा चहा गार झाला.

ग्रंथपाल: तुमच्याकडे मी नंतर येते, मामा.

मामा: या की. पळून जाण्याइतके गुडघे राहिले नाहीत माझे.

ग्रंथपाल: सतराव्या पानावर काय असतं, सांग बरं.

मुलगी: वाचनालयाचा शिक्का.

ग्रंथपाल: तो पहिल्या पानावरही असतो. मग सतराव्यावर कशाला?

मुलगी: मला काय माहीत?

ग्रंथपाल: मी सांगते. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. पुस्तक चोरणारा माणूस पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो आणि पुस्तक विकायला काढतो. हे मधलं पान त्याला ठाऊक नसतं, म्हणून पुस्तक आपलं आहे हे सिद्ध करता येतं. इथलं गुप्त पान तिघांना माहीत आहे. मला, मामांना आणि हिशेबनीसांना. चौथी तू. तुला कुणी सांगितलं?

मुलगी: कुणीच नाही.

ग्रंथपाल: या वर्षीच्या मोजणीत अकरा पुस्तकं कमी भरली.

मुलगी: मी चोर नाही.

ग्रंथपाल: मी तसं म्हटलं नाही.

मुलगी: म्हणताच आहात. हळूहळू.

मामा: मॅडम, अकरातली चार शिडीमागे सापडली. मीच काढली, अंगावर ही धूळ.

ग्रंथपाल: मग सात. मामा, मागच्या वाचनालयात माझ्या नाकाखालून साठ पुस्तकं गेली. नेणारी मुलं अशीच होती, चुणचुणीत, भराभर वाचणारी. मी त्यांना बक्षिसं दिली होती. वरून खुलासा मागितला गेला, तेव्हा माझ्या बाजूने चकार शब्द कुणी काढला नाही.

मामा: दुधाने तोंड पोळलं की…

ग्रंथपाल: ताकही फुंकून पिते. हो. त्याची मला लाज वाटत नाही. आता इकडे बघ गं. ही सहा पुस्तकं. सहाही पुस्तकांत सतराव्या पानावर, शिक्क्याच्या शेजारी, पेन्सिलीचा छोटा त्रिकोण आहे. त्रिकोणाच्या पोटात टिंब. ही कसली खूण? कुणासाठी? हे पुस्तक न्या, अशी?

मुलगी: नाही.

ग्रंथपाल: शिबिराचा पहिला नियम कोणता?

मुलगी: पुस्तकावर काही लिहायचं नाही.

ग्रंथपाल: मोडला तर?

मुलगी: कार्ड जमा. घरी पत्र.

ग्रंथपाल: पत्र तयार आहे. फक्त वडलांचं नाव घालायचंय. उद्या सकाळी त्यांना बोलावते.

मुलगी: बाबांना नको.

ग्रंथपाल: का?

मुलगी: मी इथे येते हे त्यांना माहीत नाही. त्यांना वाटतं, मी चित्रकलेच्या वर्गाला जाते.

ग्रंथपाल: वा. मग अर्जावर पालकाची सही कुणी केली? तूच?

मुलगी: आत्याने. आत्याला सगळं माहीत आहे. तिला फोन करा हवं तर. पण बाबांना कळलं तर पुन्हा इथे पाऊल टाकू देणार नाहीत ते. मग माझं सगळं संपलं.

ग्रंथपाल: सगळं म्हणजे काय? वाचनालयात यायला कुठला बाप मनाई करतो? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. हे त्रिकोण कशासाठी काढलेस?

मुलगी: टिंबं माझी आहेत. त्रिकोण माझे नाहीत.

ग्रंथपाल: मग कुणाचे? मामा, तुम्हाला आत्ताच कसा खोकला आला?

मामा: धूळ, मॅडम. शिडीमागची.

मुलगी: सांगितलं तर पत्र फाडाल?

ग्रंथपाल: आधी ऐकेन.

मुलगी: आईचे.

ग्रंथपाल: तुझ्या आईचे.

मुलगी: ती खूप वाचायची. पण पुस्तकांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. अर्धं वाचून झालं की कळायचं, अरे, हे तर झालंय. मग स्वतःवरच चिडायची. म्हणून वाचलेल्या पुस्तकात त्रिकोण. नवं पुस्तक घेताना इथेच उभ्या उभ्या सतरावं पान बघायची. त्रिकोण असला की परत ठेवायची.

ग्रंथपाल: सतरावंच का? गुप्त पान तिला कुणी दाखवलं?

मुलगी: कसलं गुप्त? मीसुद्धा सहा वर्षांची असताना ओळखलं होतं. आई पुस्तकं शोधायची आणि मी कपाटाजवळच्या स्टुलावर बसून शिक्के बघायचे. दर वेळी सतरावर. मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत असेल.

मामा: घ्या. तीस वर्षं मी हे गुपित पोटात ठेवून फिरतोय.

ग्रंथपाल: आई आता कुठे आहे?

मुलगी: दोन वर्षांपूर्वी गेली. वारली नाही. घर सोडलं. दुसऱ्या शहरात असते, बाबा म्हणतात. पत्ता माहीत नाही म्हणतात.

ग्रंथपाल: आणि तू इथे तिच्या खुणा शोधतेस.

मुलगी: तिचं कपाट रिकामं केलं त्यांनी. साड्या, चपला, चष्म्याची जुनी डबी, सगळं. भिंतीवरचा फोटोसुद्धा. घरात तिचं नाव काढायचं नाही. मग एकदा आठवलं, इथलं कुणी रिकामं केलेलं नसणार. पण मोठ्यांच्या दालनात आम्हाला सोडत नाहीत. शिबिराची पाटी वाचली, दहा शिक्क्यांचं कळलं, आणि आले. तिने वाचलेलं सगळं मला वाचायचंय. एक सापडलं की आत टिंब ठेवते. आतापर्यंत एकोणतीस झाली. झालं? आता फाडा पत्र.

ग्रंथपाल: ऐकायला छान आहे.

मुलगी: म्हणजे?

ग्रंथपाल: म्हणजे माझा विश्वास बसला असता. डोळ्यांत पाणीही आलं असतं. पण हे सातवं पुस्तक आहे ना, हे आड येतं. त्याच तिसऱ्या कपाटातलं. सतरावं पान काढ. काय आहे?

मुलगी: त्रिकोण.

ग्रंथपाल: टिंब?

मुलगी: नाही. हे मला सापडलं नव्हतं.

ग्रंथपाल: शिक्क्याखालची तारीख वाच.

मुलगी: बारा मार्च.

ग्रंथपाल: वर्ष?

मुलगी: हेच.

ग्रंथपाल: मी इथे बदलून आल्यावर घेतलेलं पहिलं पुस्तक. शिक्का माझ्या हाताने मारला, पान कोरं करकरीत होतं. तुझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. मग हा त्रिकोण कुठून आला? गोष्ट चांगली रचलीस, पण तारखेकडे लक्ष दिलं नाहीस. आता खरं बोल. कारण या कपाटापाशी रोज उभी राहणारी तू एकटीच आहेस.

(मुलगी आधीच्या सहांतलं एक पुस्तक उघडते आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी धरते.)

मुलगी: हा कोपरा बघा.

ग्रंथपाल: कोपऱ्याचं काय?

मुलगी: डावीकडची रेघ बाहेर गेलीय. सहाही पुस्तकांत तशीच आहे. ती घाईत काढते. तीन रेघा, पण शेवटची थांबवत नाही. मी घरी खूप वेळा काढून पाहिलं, मला तसं जमत नाही.

ग्रंथपाल: अगं, पण हे पुस्तक…

मुलगी: बारा मार्चला कोरं होतं? नक्की?

ग्रंथपाल: नक्की.

मुलगी: म्हणजे हा त्रिकोण त्याच्यानंतरचा.

ग्रंथपाल: नंतरचाच असणार.

मुलगी: म्हणजे ती इथे येते.

ग्रंथपाल: मामा.

मामा: हं.

ग्रंथपाल: आता तुम्ही का फरशीकडे बघताय?

मामा: मॅडम, मी सकाळपासून म्हणत होतो, मला दारात उभं राहू द्या.

मुलगी: मामा, ती कधीपासून यायला लागली परत?

मामा: परत कशाची? बंद कधी झाली होती? दर गुरुवारी येते. पाच वाजता, कामावरून सुटली की. तुमचं शिबिर चारला सुटतं. तासाभराची चुकामूक.

मुलगी: दोन वर्षं?

मामा: दोन वर्षं. शहर सोडून कुठेही गेली नाही ती. नदीपलीकडे खोली घेतलीय, बसने येते.

मुलगी: इथून आमचं घर अठरा मिनिटांवर आहे. मी मोजलंय. मी चालत येते.

मामा: माहीत आहे, पोरी.

मुलगी: ती बस पकडून इथे येते. पुस्तक बदलते. आणि अठरा मिनिटं चालवत नाही तिला? मी वेड्यासारखी टिंबं ठेवत बसले. मला वाटलं, एवढंच उरलंय तिचं. आणि ती दर गुरुवारी येऊन निवांत कादंबऱ्या नेते. मला खूप राग आलाय तिचा. तुमचापण.

मामा: येऊ दे राग. हक्काचा आहे. पण एक विचारू? तू तिला फोनवर काय म्हणाली होतीस?

मुलगी: …तिने तुम्हाला सांगितलं?

मामा: एकदाच. रडून वगैरे नाही. पुस्तक बदलता बदलता, आज गरम होतंय म्हणावं तसं म्हणाली. म्हणून माझ्या डोक्यात राहिलं.

ग्रंथपाल: काय म्हणाली होतीस तू?

मुलगी: मला तुझं तोंड बघायचं नाही. असं. बारा वर्षांची होते मी. बाबा शेजारी उभे होते. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी ती परत फोन करेल, मग मी सॉरी म्हणेन. फोन आलाच नाही. मी रोज वाट बघितली. मग बाबांनी नंबर बदलला.

मामा: तिचं म्हणणं असं, की पोरगी बोलली ते पोरीनेच मागे घ्यावं. मी दारात जाऊन उभी राहिले तर बापासमोर तिला तेच पुन्हा म्हणावं लागेल. दुसऱ्यांदा ऐकायची माझी छाती नाही, म्हणाली.

मुलगी: मग तुम्ही सांगायचं ना मला. रोज शिक्का मारत होतात. दहा गोष्टी ऐकल्यात माझ्या.

मामा: तिला शब्द दिला होता. आणि तिलाही सांगितलं नाही की तू येतेस. दोन्हीकडे तोंडात मिठाची गुळणी. मला वाटलं, तू मोठ्यांच्या दालनात घुटमळायला लागलीस, एखाद्या गुरुवारी उशीर होईल, समोरासमोर याल, आणि मी नामानिराळा राहीन. भित्रा माणूस आहे मी. एरवी तीस वर्षं शिपाई राहिलो असतो का?

ग्रंथपाल: आणि त्या खुणांचं काय? एवढी वर्षं तुमच्या डोळ्यांदेखत चालल्या होत्या?

मामा: तिने विचारलं होतं, मॅडम. खूण केली तर चालेल का? मी म्हटलं, हलक्या हाताने करा, खोडता येईल अशी.

ग्रंथपाल: म्हणजे परवानगी तुम्ही दिलीत.

मामा: तोंडी.

ग्रंथपाल: तुमच्या नोंदी ठेवायला मला एक स्वतंत्र वही हवी. बरं. ऐक गं. मघाशी मी तुला चोर ठरवलं.

मुलगी: तसं म्हटलं नाही, म्हणालात.

ग्रंथपाल: आता म्हणते. ठरवलं होतं. चुकलं माझं. पत्र जाणार नाही.

मुलगी: मग मला तिचा पत्ता द्या. तुमच्या वहीत असेल.

ग्रंथपाल: नाही.

मुलगी: फोन नंबर तरी.

ग्रंथपाल: तोही नाही. तिने तो वाचनालयाला दिलाय, तुला दिलेला नाही. वाचक कोण, कधी येतो, काय नेतो, हे इथून बाहेर जात नाही. उद्या तुझे वडील येऊन विचारतील तेव्हा मी हेच सांगेन. त्यांना सांगायचं असेल तर तुलाही हेच सांगायला हवं. मामा, तुम्ही आत्ता तो नियम मोडलात.

मामा: मोडला.

ग्रंथपाल: मी काही ऐकलं नाही. बाहेर मुलांचा फार आवाज होता.

मुलगी: मग मी काय करू?

मामा: उद्या गुरुवार आहे. पाचपर्यंत थांब की इथेच.

मुलगी: आणि मला अचानक बघून ती मागच्या मागे निघून गेली तर? तिला काय माहीत मी कशाला आलेय. तिला वाटेल, पुन्हा तेच म्हणायला आलेय. आधी कळायला हवं ना तिला.

ग्रंथपाल: एक राहिलं. तू पुस्तकांवर खुणा केल्या आहेस. एकोणतीस. त्याची शिक्षा व्हायला हवी.

मुलगी: आता?

ग्रंथपाल: आताच. त्या कोपऱ्यात राखीव पुस्तकांचं कपाट आहे. वाचकांनी सांगून ठेवलेली पुस्तकं त्यात असतात. उद्या ती द्यायची आहेत. देण्याआधी प्रत्येकाचं सतरावं पान तपासायचं, शिक्का नीट उमटलाय का बघायचं. हे काम शिबिरातल्या किशोर गटाकडे असतं.

मुलगी: असं कुठलंच काम नव्हतं आम्हाला.

ग्रंथपाल: मामा?

मामा: असतं, असतं. पूर्वीपासून असतं.

ग्रंथपाल: चारच पुस्तकं आहेत. कोणतं कुणाचं, ते मी सांगणार नाही. काढ बाहेर.

मुलगी: बागकामाचं. बँकेच्या परीक्षेचं. हे कुठल्याशा सेनापतीचं चरित्र. आणि हे… ‘दीपगृहात खून’.

मामा: मी काही बोललो नाही, मॅडम.

मुलगी: तुम्ही बोलायची गरजच नाही. खून असला की ती शेवटचं पान आधी वाचते. खुनी कोण हे कळल्याशिवाय झोप लागत नाही तिला. बाबा त्यावरून पण भांडायचे.

ग्रंथपाल: सतरावं पान बघ.

मुलगी: शिक्का आहे. त्रिकोण नाही.

ग्रंथपाल: म्हणजे वाचकाने अजून वाचलेलं नाही. असं पुस्तक हातात आलं की वाचक काय करतो, मामा?

मामा: वाचकांचं मला काय माहीत? पण एक बाई आहेत, त्या टेबलापाशीच उभ्या उभ्या आधी सतरावं पान बघतात. मग पिशवीत टाकतात. राखून ठेवलेलं असलं तरी बघतात. सवय.

मुलगी: मामा, टिंब. तिने माझी टिंबं बघितली असतील ना कधी? जुनं पुस्तक चुकून उघडलं असेल तर?

मामा: मागच्या गुरुवारी विचारत होती. माझ्या त्रिकोणात हल्ली टिंब कोण ठेवतंय? मी म्हटलं, उन्हाळ्याची पोरं आलीयत, काय करतील त्याचा नेम नाही. खोडून टाकू का, विचारलं.

मुलगी: मग?

मामा: टिंबावर बोट ठेवलं. मग म्हणाली, राहू द्या.

मुलगी: ते स्टूल अजून आहे का? लाकडी, हिरवं. कपाटाजवळ असायचं.

मामा: आहे. नकाशांच्या कपाटामागे. एक पाय डुगडुगतो.

मुलगी: मॅडम, शिबिराचा पहिला नियम…

ग्रंथपाल: मला पाठ आहे. मीच लिहिलाय. काय लिहिणार आहेस?

मुलगी: आधी टिंब. मग, ते मी म्हटलं होतं ते खोटं होतं. आणि खाली, मी स्टुलावर आहे.

ग्रंथपाल: एवढंच?

मुलगी: बाकीचं तोंडाने सांगेन.

ग्रंथपाल: मामा, त्या स्टुलाच्या पायाखाली काहीतरी सरकवा उद्या. पडायला नको. आणि ही घे पेन्सिल. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते, ग्रंथपालाने असलं बघायचं नसतं.

मुलगी: हलक्या हाताने लिहिते. नंतर खोडता येईल.

ग्रंथपाल: नको. जरा दाबून लिही. संध्याकाळी त्या टेबलापाशी उजेड कमी असतो.